सर्व्हरचे दूरस्थ व्यवस्थापन : सोय, जोखीम आणि उत्तरदायित्व

तहसील कार्यालयाच्या खिडकीवर एखादा शेतकरी उत्पन्नाचा दाखला मागतो, रास्त भाव दुकानात शिधापत्रिकाधारक यंत्रावर बोटाचा ठसा उमटवतो, रुग्णालयात बाह्यरुग्णाची नोंदणी होते. या तिन्ही प्रसंगी आवश्यक ती माहिती समोरच्या यंत्रात नसते. ती दूरवरच्या एखाद्या डेटा सेंटरमधील सर्व्हरवर साठवलेली असते. समोरचे यंत्र केवळ विचारणा करते आणि आलेले उत्तर दाखवते. ही गोष्ट आता बहुतेकांना परिचित आहे. तिच्यामागील दुसरी गोष्ट मात्र फारशी चर्चिली जात नाही. ती अशी की, हा सर्व्हर ज्या तज्ज्ञांच्या देखरेखीखाली चालतो तेही बहुधा त्याच्याजवळ बसलेले नसतात. वेगळ्या इमारतीत, कधी वेगळ्या शहरात, आपल्या टेबलावरील डेस्कटॉप संगणकापुढे बसून ते या सर्व्हरला आज्ञा देतात. यालाच सर्व्हरचे दूरस्थ व्यवस्थापन म्हणतात.

देशातील ई-प्रशासनाचा मोठा भार या पद्धतीवर उभा आहे. तिच्यामुळे थोड्या तज्ज्ञांच्या बळावर मोठे जाळे चालवता येते. परंतु ज्या वाटेने तज्ज्ञ आत जातो त्याच वाटेने घुसखोरही आत जाऊ शकतो. म्हणून दूरस्थ व्यवस्थापनाचे तंत्र, त्याचे अर्थशास्त्र आणि त्यातून उद्भवणारे उत्तरदायित्वाचे प्रश्न यांचा एकत्रित विचार करणे आवश्यक ठरते.

सर्व्हर आणि त्याचे व्यवस्थापन

सर्व्हर हा मूलतः संगणकच होय. मात्र तो एका व्यक्तीच्या वापरासाठी नसून, नेटवर्कद्वारे जोडलेल्या असंख्य संगणकांच्या मागण्या पुरवण्यासाठी अहोरात्र चालू ठेवलेला असतो. डेटा सेंटरमध्ये असे अनेक सर्व्हर लोखंडी चौकटींत एकावर एक रचलेले असतात आणि त्यांतील बहुतेकांना स्वतःचा पडदा, कळफलक किंवा माऊस जोडलेला नसतो.

सर्व्हरच्या व्यवस्थापनातील कामांचे दोन गट पडतात. पहिला गट भौतिक कामांचा. बिघडलेली हार्ड डिस्क बदलणे, केबल जोडणे, वीजपुरवठा व वातानुकूलन अखंड राखणे ही कामे प्रत्यक्ष यंत्रापाशी उपस्थित राहूनच करावी लागतात. दुसरा गट तार्किक कामांचा. वापरकर्त्यांची खाती उघडणे व बंद करणे, कोणाला कोणती माहिती पाहता यावी याचे अधिकार ठरवणे, सॉफ्टवेअरमधील सुधारणा बसवणे, माहितीची राखीव प्रत म्हणजेच बॅकअप घेणे, डिस्कवरील जागा व प्रोसेसरवरील ताण तपासणे, बंद पडलेली सेवा पुन्हा सुरू करणे ही सर्व कामे या गटात येतात. ती करण्यासाठी यंत्राला हात लावण्याची गरज नसते. योग्य आज्ञा यंत्रापर्यंत पोहोचणे पुरेसे असते. दूरस्थ व्यवस्थापनाची शक्यता या दुसऱ्या गटातून निर्माण होते, तर त्याच्या मर्यादा पहिल्या गटातून स्पष्ट होतात.

दुर्मीळ कौशल्याचे अर्थशास्त्र

कुशल प्रणाली-प्रशासक हे दुर्मीळ आणि महाग असे मनुष्यबळ आहे. त्याचा काटकसरीने वापर कसा करावा, हा येथील मूळ आर्थिक प्रश्न आहे. एका काल्पनिक उदाहरणाने तो स्पष्ट करता येईल. समजा, एखाद्या राज्यात ३० जिल्हे आहेत आणि प्रत्येक जिल्हा मुख्यालयात स्वतंत्र सर्व्हर आहे. आठवड्याचे एकूण तास १६८ असतात. एक कर्मचारी आठवड्याला ४० तास काम करतो असे मानल्यास, एका ठिकाणी अहोरात्र एक तज्ज्ञ हजर ठेवण्यासाठी ४.२, म्हणजे प्रत्यक्षात ५ व्यक्ती लागतील. ३० जिल्ह्यांसाठी ही संख्या १५० होईल. यांपैकी बहुतेकांचा बहुतांश वेळ कामाविना जाईल, कारण सर्व्हर रोज बिघडत नाही.

आता हेच सर्व्हर राज्याच्या राजधानीतील एका नियंत्रण कक्षातून सांभाळले, आणि त्या कक्षात कोणत्याही वेळी ३ तज्ज्ञ हजर राहतील अशी व्यवस्था केली, तर एकूण १२.६, म्हणजे १३ व्यक्ती पुरतात. जिल्ह्यात साधे भौतिक काम करू शकणारा तंत्रसहायक तेवढा ठेवावा लागतो. शिवाय ३० ठिकाणच्या अडचणी एकाच कक्षात येत असल्याने तेथील तज्ज्ञांचा अनुभव वेगाने वाढतो. अर्थशास्त्रात ज्यांना प्रमाणाचे लाभ आणि विशेषीकरणाचे लाभ म्हणतात, ते दोन्ही येथे एकाच वेळी मिळतात.

या बचतीचे कारण नीट समजून घेतले पाहिजे. एका तज्ज्ञाची एक आज्ञा अनेक यंत्रांपर्यंत पोहोचते म्हणून खर्च कमी होतो. नेमक्या याच कारणाने एका तज्ज्ञाची एक चूक, किंवा त्याच्याकडून चोरीला गेलेला एक पासवर्ड, अनेक यंत्रांपर्यंत पोहोचतो. लाभ आणि जोखीम यांचा उगम एकच आहे.

भारतातील पायाभूत रचना

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची, म्हणजेच एनआयसीची, स्थापना १९७६ मध्ये झाली. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात या संस्थेने उपग्रहाधारित ‘निकनेट’ जाळे उभारून जिल्हा मुख्यालये राज्यांच्या राजधान्यांशी व दिल्लीशी जोडण्यास प्रारंभ केला. दूरच्या यंत्रावर काम करण्याची शासकीय परंपरा तेव्हापासून सुरू होते.

मार्च २००५ मध्ये राज्यव्यापी क्षेत्र जाळे, म्हणजेच ‘स्वान’, ही योजना ३,३३४ कोटी रुपयांच्या एकूण खर्चासह मंजूर झाली. राज्य मुख्यालय, जिल्हा मुख्यालय आणि तालुका किंवा प्रखंड मुख्यालय अशा तीन स्तरांना किमान २ मेगाबिट प्रतिसेकंद क्षमतेने जोडणे, हे तिचे उद्दिष्ट होते. योजना राबवण्यासाठी राज्यांपुढे दोन पर्याय ठेवण्यात आले : खासगी भागीदाराकडून जाळे उभारून चालवून घेणे, किंवा ते काम एनआयसीकडे सोपवणे. मे २००६ मध्ये राष्ट्रीय ई-प्रशासन योजना मंजूर झाली. तिच्या पायाभूत रचनेत स्वान, राज्य डेटा सेंटर आणि सामायिक सेवा केंद्र हे तीन आधारस्तंभ मानले गेले.

यानंतर सर्व्हर हळूहळू जिल्ह्यांतून डेटा सेंटरांकडे सरकत गेले. एनआयसीची राष्ट्रीय डेटा सेंटरे दिल्ली, पुणे, हैदराबाद आणि भुवनेश्वर येथे आहेत. २०१४ मध्ये ‘मेघराज’ या नावाने शासनाची क्लाउड सेवा सुरू झाली. क्लाउडमध्ये तर एखाद्या विभागाला मिळणारा सर्व्हर हा स्वतंत्र यंत्रही नसतो; मोठ्या यंत्राचा सॉफ्टवेअरने वेगळा काढलेला तो एक हिस्सा असतो. अशा सर्व्हरजवळ जाऊन बसण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. दूरस्थ व्यवस्थापन ही पूर्वी सोय होती. क्लाउडच्या काळात ती एकमेव पद्धत झाली आहे.

दूरस्थ जोडणीची तंत्रे

दुसऱ्या संगणकावर दुरून काम करण्याची ‘टेलनेट’ ही पद्धत १९६९ पासून विकसित होत गेली. तिच्यात एक गंभीर उणीव होती. वापरकर्त्याचे नाव, पासवर्ड आणि आज्ञा या सर्व गोष्टी उघड्या स्वरूपात नेटवर्कवरून जात असत. पोस्टकार्डावरील मजकूर वाटेतील कोणीही वाचू शकतो, तसाच हा प्रकार होता. १९९५ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यावर पासवर्ड चोरीचा प्रकार घडला. त्यानंतर तेथील संशोधक ताटू युलोनेन यांनी ‘सिक्युअर शेल’, म्हणजेच ‘एसएसएच’, ही पद्धत तयार केली. लिनक्स व युनिक्स वर्गातील सर्व्हरच्या व्यवस्थापनासाठी आज हीच पद्धत सर्वत्र वापरली जाते.

एसएसएचचे कार्य तीन टप्प्यांत समजून घेता येते. पहिल्या टप्प्यात सर्व्हर आपली ओळख सिद्ध करतो, जेणेकरून वाटेत दुसरेच कोणी सर्व्हर असल्याची बतावणी करत नाही याची खात्री पटावी. दुसऱ्या टप्प्यात दोन्ही संगणक एक तात्पुरती गुप्त किल्ली ठरवतात आणि पुढील सर्व संवाद तिच्या आधारे सांकेतिक स्वरूपात चालतो. तिसऱ्या टप्प्यात प्रशासक स्वतःची ओळख पटवतो. त्यासाठी पासवर्डपेक्षा किल्ल्यांची जोडी अधिक सुरक्षित मानली जाते. या जोडीतील सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर ठेवतात. ती कुलपासारखी असते व ती कोणी पाहिली तरी बिघडत नाही. खासगी किल्ली मात्र प्रशासकापाशीच राहते आणि नेटवर्कवरून कधीही पाठवली जात नाही.

विंडोज सर्व्हरसाठी ‘रिमोट डेस्कटॉप’ ही चित्रमय पद्धत प्रचलित आहे. तिच्यात दूरच्या सर्व्हरचा पडदाच आपल्या डेस्कटॉपवर दिसतो, आणि येथे हलवलेला माऊस तेथे हलतो. ‘व्हीएनसी’ ही याच स्वरूपाची पद्धत इंग्लंडमधील केंब्रिज येथील प्रयोगशाळेत विकसित झाली. सर्व्हरच्या प्रकृतीवर लक्ष ठेवण्यासाठी ‘एसएनएमपी’ हा नियमसंच वापरतात. त्याच्या साहाय्याने नियंत्रण कक्षातील संगणक शेकडो यंत्रांकडे ठरावीक अंतराने विचारणा करतो आणि डिस्क भरत आली किंवा एखादे यंत्र उत्तर देईनासे झाले, की इशारा देतो.

सर्व्हरची कार्यप्रणालीच बंद पडली, तर या साऱ्या पद्धती निरुपयोगी ठरतात. अशा वेळेसाठी अनेक सर्व्हरमध्ये एक छोटा स्वतंत्र नियंत्रक बसवलेला असतो. मुख्य यंत्र बंद असतानाही तो जागा राहतो. वेगळ्या जोडणीवरून त्याच्याशी संपर्क साधून यंत्र बंद करणे, सुरू करणे किंवा सुरू होतानाचा पडदा पाहणे शक्य होते. मुख्य वाट बंद झाल्यास उपयोगी पडणारी ही मागील दाराची व्यवस्था होय.

अंतर, बँडविड्थ आणि विलंब

दूरस्थ व्यवस्थापनाची परिणामकारकता दोन गोष्टींवर अवलंबून असते. बँडविड्थ म्हणजे एका सेकंदात किती माहिती वाहून नेता येते ते प्रमाण. विलंब म्हणजे माहिती पोहोचण्यास लागणारा काळ. या दोन संकल्पनांत परीक्षार्थींची अनेकदा गल्लत होते. रस्ता कितीही रुंद असला तरी गाव दूर असेल तर प्रवासाला वेळ लागतोच, हे लक्षात ठेवल्यास ती टळेल.

भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. संदेश वर जाऊन खाली येण्यास सुमारे पाव सेकंद, आणि त्याचे उत्तर परत येण्यास आणखी पाव सेकंद लागतो. म्हणजे उपग्रहाच्या जोडणीवर प्रत्येक आज्ञेला किमान अर्ध्या सेकंदाचा विलंब ठरलेला असतो. अक्षरी आज्ञा देताना तो सहन होतो. चित्रमय पद्धतीत माऊस हलवताना तो त्रासदायक होतो. कमी क्षमतेच्या जोडणीवर अनुभवी प्रशासक एसएसएचसारखी अक्षरी पद्धत पसंत करतात, त्याचे हे एक कारण आहे.

अंदमान-निकोबार बेटांचा शेष भारताशी संपर्क दीर्घकाळ प्रामुख्याने उपग्रहावर अवलंबून होता. १० ऑगस्ट २०२० रोजी चेन्नईपासून या बेटांपर्यंतच्या सुमारे २,३०० किलोमीटर लांबीच्या समुद्राखालील ऑप्टिकल फायबर केबलचे उद्घाटन झाले. ३ जानेवारी २०२४ रोजी कोची-लक्षद्वीप केबलचेही उद्घाटन झाले. अशा प्रकल्पांचा लाभ सामान्यतः नागरिकांना मिळणाऱ्या वेगवान इंटरनेटच्या भाषेत सांगितला जातो. तेथील शासकीय यंत्रणांची देखभाल मुख्य भूमीवरील तज्ज्ञांना सुलभपणे करता येणे, हा लाभही तितकाच महत्त्वाचा आहे. ग्रामपंचायतींना जोडणाऱ्या भारतनेट प्रकल्पाच्या सुधारित कार्यक्रमाला ऑगस्ट २०२३ मध्ये सुमारे १.३९ लाख कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. त्यात जोडण्या वलयाकार रचनेत उभारण्यावर भर आहे. वलयात एक बाजू तुटली तरी दुसऱ्या बाजूने यंत्रापर्यंत पोहोचता येते.

उघडे राहिलेले दार

इंटरनेटवर उघड्या असलेल्या प्रत्येक सर्व्हरचे दार सतत कोणीतरी ठोठावत असते. हे काम माणसे नव्हे, तर स्वयंचलित प्रोग्रॅम करतात. एसएसएचसाठी सामान्यतः २२ आणि रिमोट डेस्कटॉपसाठी ३३८९ हे पोर्ट क्रमांक वापरले जातात. असे क्रमांक शोधत फिरणारे प्रोग्रॅम नेहमीच्या वापरातील हजारो पासवर्ड एकामागून एक आजमावतात. त्यामुळे सोपा पासवर्ड ही केवळ वैयक्तिक बेफिकिरी राहत नाही. तिच्यामुळे सार्वजनिक मालमत्ता धोक्यात येते.

काही वेळा पासवर्डचीही गरज भासत नाही. मे २०१९ मध्ये जुन्या विंडोजमधील रिमोट डेस्कटॉप सेवेत ‘ब्लूकीप’ नावाने ओळखली गेलेली त्रुटी उघड झाली. तिच्या आधारे ओळख न पटवताच यंत्राचा ताबा घेणे शक्य होते. तिचे गांभीर्य एवढे होते की, ज्या जुन्या आवृत्त्यांचे सहाय्य बंद झाले होते त्यांच्यासाठीही मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती उपलब्ध करून दिली. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या मुक्तस्रोत साधनात हेतुपुरस्सर पेरलेले गुप्त दार आढळले. काही लिनक्स प्रणालींवर ते एसएसएचलाच बाधित करणारे होते. एसएसएचद्वारे आत प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा अनपेक्षित विलंब का होतो, याचा शोध घेताना आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या ते लक्षात आले. प्रमुख प्रणालींच्या स्थिर आवृत्त्यांत ते पोहोचण्यापूर्वीच हा प्रकार उघड झाला, म्हणून मोठे संकट टळले.

भारतातील एक घटना या संदर्भात अभ्यासण्याजोगी आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील सर्व्हरवर सायबर हल्ला झाला आणि रुग्णनोंदणीसह अनेक सेवा कित्येक दिवस कागदावर चालवाव्या लागल्या. शासनाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार ५ सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट माहिती हल्लेखोरांनी सांकेतिक स्वरूपात बंदिस्त केली आणि नेटवर्कचे योग्य विभाजन नसणे हे या घटनेचे कारण ठरले. ई-हॉस्पिटलची माहिती मात्र बाधित न झालेल्या राखीव सर्व्हरवरून परत मिळवता आली. यातून दोन बोध मिळतात. जहाजाच्या तळाशी असलेल्या स्वतंत्र कप्प्यांप्रमाणे नेटवर्कचेही विभाग पाडले, तर एका ठिकाणी झालेला शिरकाव सर्वत्र पसरत नाही. आणि सर्व उपाय थकल्यावर वेगळी ठेवलेली राखीव प्रतच अखेर उपयोगी पडते.

दूरस्थतेच्या मर्यादा

दूरस्थ व्यवस्थापनाचा अतिरेकी विश्वासही घातक ठरू शकतो. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सॲप व इन्स्टाग्राम या सेवा सुमारे ६ तास जगभर बंद पडल्या. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेमुळे कंपनीच्या डेटा सेंटरांना जोडणारे मुख्य जाळेच तुटले. दुरुस्तीसाठी आत शिरण्याची वाटही त्याच जाळ्यातून जात होती. परिणामी अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावे लागले आणि तेथील कडक सुरक्षेमुळे यंत्रापर्यंत पोहोचण्यात आणखी वेळ गेला.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने दुरून पाठवलेल्या सदोष अद्यतनामुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बाधित झाली. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. दोष दुरून आणि अल्पावधीत पसरला. परंतु यंत्रे सुरूच होत नसल्याने अनेक ठिकाणी दुरुस्ती मात्र प्रत्येक यंत्रापाशी जाऊन करावी लागली. ३० जिल्ह्यांच्या उदाहरणातील जिल्ह्याचा तंत्रसहायक अशा प्रसंगी मोलाचा ठरतो. त्याचे पद खर्च म्हणून पाहिले तर कपातीस पात्र वाटते; विम्याचा हप्ता म्हणून पाहिले तर त्याची उपयुक्तता पटते.

सुरक्षित व्यवस्थापनाची सूत्रे

अनुभवातून काही सूत्रे सर्वमान्य झाली आहेत.

१. व्यवस्थापनाची वाट थेट इंटरनेटवर उघडी ठेवू नये. प्रशासकाने प्रथम व्हीपीएनद्वारे संरक्षित जाळ्यात यावे आणि तेथून एका निश्चित प्रवेश-सर्व्हरमार्गेच पुढे जावे.

२. केवळ पासवर्डवर विसंबू नये. किल्ल्यांची जोडी किंवा दुसरा पुरावा मागणारी द्विस्तरीय ओळख अनिवार्य असावी.

३. प्रत्येक व्यक्तीचे खाते स्वतंत्र असावे. अनेकांनी मिळून एकच खाते वापरल्यास कोणती आज्ञा कोणी दिली, हे नंतर सिद्ध करता येत नाही.

४. कामापुरताच अधिकार द्यावा. बॅकअप घेणाऱ्याला खाती उघडण्याचा अधिकार असण्याचे कारण नाही.

५. प्रत्येक प्रवेशाची व आज्ञेची नोंद आपोआप व्हावी आणि ती त्या सर्व्हरऐवजी अन्यत्र साठवावी, जेणेकरून घुसखोराला ती पुसता येऊ नये.

६. बॅकअप मुख्य जाळ्यापासून अलग ठेवावा आणि तो परत मिळवण्याचा सराव नियमितपणे करावा.

७. मोठा बदल प्रथम थोड्या यंत्रांवर करून पाहावा. तो यशस्वी ठरल्यावरच सर्वत्र लागू करावा.

कायदेशीर चौकट

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला. २००८ च्या सुधारणेने त्याची व्याप्ती वाढवली. कलम ४३ नुसार परवानगीविना संगणक प्रणालीत प्रवेश करणारा नुकसानभरपाईस पात्र ठरतो. तेच कृत्य अप्रामाणिक वा कपटी हेतूने केल्यास कलम ६६ अन्वये ३ वर्षांपर्यंत कारावास किंवा ५ लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कलम ७० खाली ‘संरक्षित प्रणाली’ म्हणून अधिसूचित केलेल्या यंत्रणेत अनधिकृत प्रवेश केल्यास १० वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

२००४ मध्ये कार्यरत झालेली ‘सर्ट-इन’ ही संस्था कलम ७०ब अन्वये सायबर घटनांना प्रतिसाद देणारी राष्ट्रीय संस्था आहे. तिने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार विहित प्रकारच्या घटनांची माहिती ६ तासांच्या आत कळवणे, प्रणालीच्या नोंदी १८० दिवस जतन करणे आणि सर्व यंत्रांची घड्याळे प्रमाणवेळेशी जुळवून ठेवणे बंधनकारक आहे. घड्याळांची अट किरकोळ वाटते. परंतु निरनिराळ्या यंत्रांवरील वेळा जुळत नसतील तर घटनाक्रम मांडताच येत नाही. महत्त्वपूर्ण पायाभूत यंत्रणांच्या संरक्षणासाठी २०१४ मध्ये स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र अधिसूचित झाले. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये सुरक्षेचे वाजवी उपाय न योजल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद करण्यात आली आहे.

किल्ली कोणाच्या हाती?

तंत्र आणि कायदा यांच्या जोडीला संस्थात्मक शिस्त नसेल, तर दोन्ही अपुरे पडतात. शासकीय जाळी व डेटा सेंटरे चालवण्याचे काम अनेक ठिकाणी करारान्वये खासगी संस्थांकडे असते. यंत्रे शासनाच्या मालकीची, माहिती नागरिकांची आणि किल्ली कंत्राटदाराच्या कर्मचाऱ्याकडे, अशी ही रचना आहे. अर्थशास्त्रात हिला स्वामी-प्रतिनिधी समस्या म्हणतात. प्रतिनिधीला जे ठाऊक असते ते स्वामीला ठाऊक नसते. चुकीची झळ मात्र स्वामीला आणि अंतिमतः नागरिकाला बसते. विभागातील एकाही अधिकाऱ्याला स्वतःच्या सर्व्हरमध्ये प्रवेश कसा करावा हे माहीत नसेल, तर कराराचे नूतनीकरण करताना शासनाची बाजू दुर्बळ होते. कंत्राटदार बदलण्याचा खर्च इतका वाढतो की, स्पर्धात्मक निविदेला फारसा अर्थ उरत नाही.

यावर उपाय करारातच शोधला पाहिजे. सर्वोच्च अधिकाराची किल्ली विभागाच्या ताब्यात राहावी, नोंदींची तपासणी त्रयस्थ संस्थेने करावी, कार्यपद्धतीचे लेखी दस्तऐवज वेळोवेळी सुपूर्द व्हावेत आणि करार संपताना हस्तांतराचा निश्चित कालावधी असावा, अशा अटी त्यात आवश्यक आहेत. देयकाचे प्रमाणही केवळ सेवा किती काळ सुरू राहिली यावर न ठरता, दुरुस्त्या वेळेवर बसवल्या का आणि बॅकअप परत मिळवण्याची चाचणी झाली का, यांवरही ठरावे. केवळ सेवेच्या सातत्यावर पैसे मिळत असतील, तर दुरुस्ती बसवण्यासाठी यंत्र थोडा वेळ थांबवण्यास कंत्राटदार साहजिकच टाळाटाळ करील.

शासकीय सेवेतील बदल्यांचाही येथे विचार व्हावा. अधिकाऱ्याची बदली झाली की त्याच्याकडील कपाटाच्या चाव्या, शिक्के व नोंदवह्या कार्यभार हस्तांतराच्या यादीत लिहिल्या जातात. सर्व्हरवरील त्याचे खाते बंद झाले किंवा नाही, हे त्याच यादीत लिहिले गेले पाहिजे. बदली होऊन गेलेल्या, निवृत्त झालेल्या किंवा नोकरी सोडलेल्या व्यक्तीचे चालू राहिलेले खाते हे वर्षानुवर्षे कोणाच्याही लक्षात न येणारे उघडे दार असते. ते बंद करण्यास निधी लागत नाही. केवळ यादीतील एक ओळ आणि तिच्यापुढील स्वाक्षरी पुरते.

तहसीलच्या खिडकीवर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला एसएसएच किंवा व्हीपीएन माहीत असण्याची गरज नाही. त्याला दाखला वेळेवर मिळावा, त्यातील नोंद कोणी गुपचूप बदललेली नसावी आणि त्याची वैयक्तिक माहिती भलत्या हाती पडू नये, एवढीच त्याची रास्त अपेक्षा असते. दूरस्थ व्यवस्थापनामुळे बेटांवरील, डोंगराळ भागातील आणि सीमावर्ती जिल्ह्यांतील नागरिकांनाही राजधानीतील तज्ज्ञाचे कौशल्य उपलब्ध होऊ शकते, ही या तंत्राची मोठी देणगी आहे. ती टिकवायची असेल, तर प्रत्येक शासकीय सर्व्हरच्या बाबतीत आत कोण जाऊ शकतो, त्याने काय केले याची नोंद कोठे आहे आणि ती कोण तपासतो, या तीन प्रश्नांची उत्तरे संबंधित विभागाला केव्हाही देता आली पाहिजेत.